वस्त्रांचे ध्वनिशोषण : तत्त्व, मर्यादा आणि आपल्या वर्गखोल्या

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील सभागृहाचे नूतनीकरण करण्यात आले. भिंतींना छतापर्यंत गालिचा चिकटविण्यात आला आणि रस्त्याकडील खिडक्यांवर जाड मखमली पडदे आले. पुरवठादाराच्या दरपत्रकात या पडद्यांचा उल्लेख ‘ध्वनिरोधक’ असा होता. उद्घाटनाच्या दिवशी वाहनांचे भोंगे पूर्वीइतकेच ऐकू येत होते. शिवाय प्रमुख पाहुण्यांचे बोलणे मागील रांगांना दबलेले आणि तरीही घुमणारे असे काहीसे विचित्र ऐकू आले. कार्यक्रमानंतर पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून मला विचारणा झाली की, एवढे कापड लावूनही असे का व्हावे? त्या वेळी उभ्याउभ्या दिलेले उत्तर अपुरे होते. प्रस्तुत लेख हे त्याच उत्तराचे सविस्तर रूप आहे.

विषय केवळ एका सभागृहापुरता मर्यादित नाही. आपल्या बहुतेक महाविद्यालयांतील वर्गखोल्या सिमेंटचा गिलावा, फरशी आणि स्लॅब यांनी बनलेल्या असतात. हे तिन्ही पृष्ठभाग ध्वनी जवळजवळ जसाच्या तसा परत पाठवितात. शिक्षकाने उच्चारलेला एक शब्द खोलीत विरण्यापूर्वीच पुढचे तीन-चार शब्द त्यावर येऊन आदळतात. पुढच्या बाकावर हे जाणवत नाही. मागच्या बाकावर मात्र व्यंजने पुसली जातात आणि केवळ स्वरांचा गलका उरतो. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीतून व्याख्यान ऐकत असेल तर त्याची अडचण दुणावते, कारण परिचित भाषेतील अर्धवट ऐकलेला शब्द मन आपोआप पूर्ण करते; अपरिचित भाषेत ते शक्य होत नाही. अशा वेळी ‘विद्यार्थी लक्ष देत नाहीत’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी खोलीची परीक्षा घेणे न्याय्य ठरेल. ध्वनिशोषणासाठी वस्त्र हा सर्वांत सुलभ उपाय मानला जातो आणि तो योग्यही आहे. परंतु वस्त्र काय करू शकते आणि काय करू शकत नाही याविषयी मोठा गोंधळ आहे. अन्य विद्याशाखांतील सहकाऱ्यांचा विचार करून येथील गणित अंकगणितापलीकडे जाऊ दिलेले नाही.

अडविणे आणि शोषणे

ध्वनी अडविणे आणि ध्वनी शोषणे या दोन भिन्न क्रिया आहेत. बाहेरचा ध्वनी आत येऊ न देणे ही पहिली क्रिया होय. आत निर्माण झालेला ध्वनी भिंतींवरून पुनःपुन्हा परावर्तित होऊ न देणे ही दुसरी. पहिल्या क्रियेसाठी वस्तुमान आणि अखंडपणा लागतो, तर दुसरीसाठी सच्छिद्रता. म्हणजेच एकीला जो गुण हवा तो दुसरीला दोष ठरतो. सर्व गैरसमजांचे मूळ येथे आहे.

एखादा पडदा किंवा भिंत किती ध्वनी अडविते हे मुख्यतः तिच्या दर चौरस मीटरच्या वजनावर अवलंबून असते. वजन दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबल अधिक ध्वनी अडतो. डेसिबल हे लघुगणकी मापन असल्याने १० डेसिबलची घट म्हणजे ऊर्जेचा दहावा भाग शिल्लक राहणे आणि ३ डेसिबलची घट म्हणजे केवळ निम्मा भाग शिल्लक राहणे, हे ध्यानात ठेवावे. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबल ध्वनी अडविते. ४ मिलिमीटर जाडीची बंद काच दर चौरस मीटरला १० किलो भरते. मध्यम वारंवारतेला ती २५ डेसिबलच्या आसपास अडविते. दर चौरस मीटरला ६०० ग्रॅम भरणारा मखमली पडदा हा पडद्यांमध्ये भारीच म्हणावा लागेल. पण याच नियमाने ५०० हर्ट्झला त्याची अडविण्याची क्षमता जेमतेम अडीच डेसिबल येते. त्यातही कापडाची छिद्रे आणि पडद्याच्या कडांच्या फटी जमेस धराव्या लागतात. एखाद्या उत्तम भिंतीत केवळ एक टक्का क्षेत्र उघडे राहिले तरी त्या भिंतीची क्षमता २० डेसिबलवर येते; मग चारही बाजूंनी मोकळ्या लोंबणाऱ्या कापडाची काय कथा? ‘ध्वनिरोधक पडदा’ हा शब्दप्रयोग म्हणूनच दिशाभूल करणारा आहे. आमच्या सभागृहात भोंगे ऐकू आले यात नवल नव्हते. न येते तर नवल होते.

धाग्यांच्या जाळ्यात ध्वनीचे काय होते

मग शोषण म्हणजे काय? ध्वनी म्हणजे हवेच्या कणांचे मागेपुढे होणारे आंदोलन. हे आंदोलन किती सूक्ष्म असते याची कल्पना सहसा नसते. साधारण संभाषणात, म्हणजे ६० डेसिबलला व ५०० हर्ट्झला, हवेचे कण मिलिमीटरच्या एका लाखाव्या भागाइतकेच हलतात. हे आंदोलन गुळगुळीत सिमेंटवर पोहोचले की त्याला आत शिरायला वाट नसते, म्हणून ते परत फिरते. कापडात मात्र धाग्यांच्या मधून आणि धाग्यांतील तंतूंच्या मधून हवेला वाटा असतात. त्या अरुंद वाटांतून मागेपुढे होताना हवा तंतूंच्या पृष्ठभागाला घासते. हवेलाही विष्यंदिता, म्हणजे एक प्रकारचा चिकटपणा असतो. त्यामुळे या घर्षणात ध्वनिऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. शिवाय हवा दाबली गेली की किंचित तापते आणि ती उष्णता तंतूंना देऊन टाकते. विरळ होताना ती सर्वच परत मिळत नाही. तंतूंचे स्वतःचे कंपनही थोडी ऊर्जा खाते. यांपैकी घर्षणाचा वाटा सर्वांत मोठा असतो.

ही उष्णता नगण्य असते. बोलणाऱ्या माणसाच्या मुखातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती दहा-वीस मायक्रोवॅट एवढीच असते. त्यामुळे पडदे ध्वनी ‘पिऊन’ तापतील अशी शंका घेण्याचे कारण नाही.

छिद्र किती मोठे असावे, याचे उत्तर हवेच्या त्या चिकटपणातच दडलेले आहे. घन पृष्ठभागालगत हवेचा जो थर घर्षणाने मंदावतो त्याची जाडी ५०० हर्ट्झला सुमारे एक दशांश मिलिमीटर असते. छिद्रे याच्या जवळपासच्या आकाराची असतील तर छिद्रातील जवळजवळ सर्व हवा घर्षणात भाग घेते. मच्छरदाणीसारख्या विरळ जाळीत छिद्राच्या मधली हवा अलगद निघून जाते, म्हणून मच्छरदाणी ध्वनी शोषत नाही. उलट घट्ट विणीच्या व वर प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या कापडात हवा शिरूच शकत नाही. असे कापड उच्च वारंवारतेचा ध्वनी परत पाठविते. आपल्या सभागृहांच्या भिंतींवर कार्यक्रमागणिक वाढत जाणारे फ्लेक्सचे फलक कापडासारखे दिसत असले तरी ध्वनीच्या दृष्टीने ते जवळजवळ गिलाव्याच्याच जातीचे होत.

एक घरगुती परीक्षा सांगण्यासारखी आहे. कापड तोंडाला लावून फुंकर मारावी. फुंकर अनायास पार झाली तर ते कापड ध्वनीलाही अनायास जाऊ देईल. अजिबात पार झाली नाही तर ते ध्वनी परतवील. थोडा जोर लावून फुंकर पलीकडे जात असेल तर ते कापड उपयोगाचे. शास्त्रीय परिभाषेत यास वायुरोध म्हणतात. मोकळ्या हवेचा ध्वनिलहरींना होणारा स्वतःचा रोध सुमारे ४१५ पास्कल-सेकंद प्रति मीटर इतका असतो. कापडाचा वायुरोध या मूल्याच्या आसपास, फार तर त्याच्या दोन-तीन पटींपर्यंत असला की शोषण उत्तम होते. प्रयोगशाळेतील महागड्या उपकरणावाचून बाजारात उभे राहून कापड निवडायचे असल्यास फुंकरीइतकी सोपी कसोटी नाही.

भिंतीपासूनचे अंतर

येथवर कापडाच्या गुणांचा विचार झाला. परंतु कापड कोठे टांगले आहे हा प्रश्न कापड कोणते आहे याहून अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे. आणि व्यवहारात नेमके याकडेच दुर्लक्ष होते.

घर्षण होण्यासाठी हवा हलली पाहिजे. कठीण भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलूच शकत नाही, कारण भिंत तिला जागा देत नाही. तेथे दाब सर्वाधिक असतो आणि गती शून्य. भिंतीपासून तरंगलांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर गती सर्वाधिक होते. खोलीच्या तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला तर १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर व तिचा चतुर्थांश साडेआठ सेंटिमीटर येतो. ५०० हर्ट्झसाठी हे अंतर १७ सेंटिमीटर, तर १२५ हर्ट्झसाठी सुमारे ६९ सेंटिमीटर भरते. भिंतीला चिकटविलेला ८-१० मिलिमीटर जाडीचा गालिचा या दृष्टीने जेथे हवा जवळजवळ स्थिर आहे अशाच जागी बसलेला असतो. त्याला शोषण्यासारखे काही मिळते ते फक्त आखूड तरंगलांबीच्या, म्हणजे उंच स्वरांच्या बाबतीत.

ध्वनिकीच्या पाठ्यपुस्तकांतील कोष्टके हेच सांगतात. शोषणांक म्हणजे पडलेल्या ध्वनिऊर्जेपैकी शोषला गेलेला अंश. शून्य म्हणजे पूर्ण परावर्तन आणि एक म्हणजे पूर्ण शोषण. काँक्रीटवर थेट अंथरलेल्या जाड गालिचाचा शोषणांक १२५ हर्ट्झला केवळ ०.०२, ५०० हर्ट्झला ०.१४ आणि ४००० हर्ट्झला ०.६५ असतो. दर चौरस मीटरला सुमारे ३४० ग्रॅम भरणारी हलकी मखमल भिंतीला लागून सपाट टांगली तर ५०० हर्ट्झला ०.११ मिळतात. सुमारे ६१० ग्रॅमची जाड मखमल दुप्पट रुंदीची घेऊन, चुण्या पाडून टांगली की तोच अंक ०.५५ होतो आणि १००० हर्ट्झला ०.७२ पर्यंत जातो. या वाढीत वजनाचा वाटा आहे हे खरे. पण चुण्यांमुळे कापडाचा बराच भाग भिंतीपासून दूर जातो आणि प्रत्येक चुणी वेगळ्या अंतरावर असल्याने निरनिराळ्या तरंगलांबी सांभाळल्या जातात, हाही मोठा वाटा आहे. नाट्यगृहातील पडद्यांच्या चुण्या केवळ शोभेसाठी असतात असे मानण्याचे कारण नाही.

आमच्या सभागृहातील ‘दबलेला आणि घुमणारा’ आवाज आता उलगडतो. भिंतींवरील गालिचाने उंच स्वर शोषले. शब्दाला स्पष्टता देणारी क, च, ट, त, प, स ही व्यंजने मुख्यतः याच पट्ट्यात असतात, ती मंदावली. खालच्या पट्ट्यातील घुमणे मात्र जसेच्या तसे राहिले. मिठाशिवाय शिजविलेल्या आमटीत मसाला वाढवावा तसा हा प्रकार झाला.

सॅबिन आणि गाद्या

वस्त्र आणि ध्वनी यांच्या नात्याचा शास्त्रीय अभ्यास एका महाविद्यालयीन तक्रारीतूनच सुरू झाला, हे आपण शिक्षकांनी आवर्जून जाणून घेण्यासारखे आहे. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कला संग्रहालयाची इमारत १८९५ मध्ये पूर्ण झाली, पण तिच्यातील व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजत नसे. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम पदार्थविज्ञान विभागातील वॉलेस क्लेमेंट सॅबिन या तरुण शिक्षकाकडे सोपविले. सॅबिन त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते आणि त्याच वर्षी सहायक प्राध्यापक झाले होते. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी होती, पीएच.डी. त्यांनी कधीच घेतली नाही. (आजच्या आपल्या गुणांकन पद्धतीत त्यांचे काय झाले असते, हा विचार मनात येतोच.)

सॅबिन यांनी ऑर्गनची एक नळी, कालमापक आणि स्वतःचे कान एवढ्या सामग्रीवर मापन केले. आवाज बंद केल्यापासून तो ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ त्यांनी नोंदला. शांतता मिळावी म्हणून काम मध्यरात्रीनंतर चाले. रिकाम्या व्याख्यानगृहात नळीचा सूर विरायला साडेपाच सेकंदांहून अधिक काळ लागे. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या त्यांनी रात्री आणवून टप्प्याटप्प्याने पसरल्या व प्रत्येक टप्प्यावर काळ मोजला. आसने, वाटा, व्यासपीठ आणि मागील भिंतही गाद्यांनी झाकली तेव्हा हा काळ सव्वा सेकंदाच्याही खाली आला. सकाळपूर्वी गाद्या परत जात.

या प्रयोगांतील एक प्रसंग वस्त्रशास्त्राच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो. मापनात येणारा एक लहानसा फरक काही केल्या जाईना. शोध घेता आढळले की, मापन करणाऱ्याच्या अंगावरील कपडे बदलले की निष्कर्ष बदलतो. सॅबिन यांनी तोवरची हजारो निरीक्षणे बाजूला सारली आणि पुढील मापनांच्या वेळी नेहमी तोच पोशाख घातला. निळा हिवाळी कोट, जाकीट, विजार, उंच बूट असा त्या पोशाखाचा तपशील त्यांनी आपल्या लेखनात नोंदविला आहे. एका माणसाच्या अंगावरचे कापडही संपूर्ण सभागृहाच्या ध्वनीवर परिणाम करते, हे त्यातून सिद्ध झाले.

१८९८ मध्ये सॅबिन यांना सूत्र गवसले. आजच्या मापनपद्धतीत ते असे मांडता येते : निनादकाल = ०.१६१ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण. निनादकाल म्हणजे ध्वनी ६० डेसिबलने, अर्थात दशलक्षांश ऊर्जेपर्यंत, विरण्यास लागणारा सेकंदांतील काळ. एकूण शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचे चौरस मीटरमधील क्षेत्र गुणिले त्याचा शोषणांक, यांची बेरीज. सॅबिन यांनी शोषणाचे एकक म्हणून उघडी खिडकी निवडली होती. कारण उघड्या खिडकीवर पडलेला ध्वनी परत येतच नाही. या सूत्राच्या आधारे आराखडा केलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल १९०० मध्ये सुरू झाले आणि आजही ते जगातील उत्कृष्ट संगीतगृहांत गणले जाते.

वर्गखोलीचा हिशेब

हेच सूत्र आपल्या एखाद्या वर्गाला लावून पाहू. ९ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशी खोली घेतली तर घनफळ सुमारे २२० घनमीटर आणि सर्व पृष्ठभागांचे क्षेत्र २३८ चौरस मीटर होते. गिलावा, फरशी, बंद काचा, लाकडी बाके धरून सरासरी शोषणांक ०.०४ मानला, तर एकूण शोषण साडेनऊ चौरस मीटर आणि निनादकाल ३.७ सेकंद येतो. बसलेली एक व्यक्ती ५०० हर्ट्झला साधारण ०.४ चौरस मीटर शोषण देते. साठ विद्यार्थी उपस्थित असतील तर त्यांचे २४ चौरस मीटर मिळून निनादकाल १.१ सेकंदाच्या आत येतो. वीसच विद्यार्थी असतील तर तो २ सेकंद राहतो. याचा सरळ अर्थ असा की, आपल्या वर्गांतील सर्वांत मोठे ध्वनिशोषक म्हणजे विद्यार्थ्यांचे कपडे होत, आणि हजेरी रोडावली की जे आले आहेत त्यांनाही कमी समजते. एक पुस्ती जोडली पाहिजे. परदेशी कोष्टकांतील आकडे बव्हंशी जाड कपड्यांतील श्रोत्यांचे असतात. आपल्याकडील हलक्या सुती वस्त्रांत हे शोषण काहीसे कमीच भरेल.

अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गखोल्यांच्या मानकात एवढ्या आकाराच्या, सामान लावलेल्या परंतु माणसांवाचून रिकाम्या वर्गासाठी ०.६ सेकंद ही कमाल मर्यादा ठरविली आहे. आपण तीन-चार सेकंदांच्या खोल्यांत शिकवितो. दोन सेकंदांच्या खोलीतही शिक्षकापासून जेमतेम मीटरभर अंतरापुढे बसलेल्या प्रत्येकाला थेट आवाजापेक्षा भिंतींवरून आलेला आवाज अधिक मिळतो. शिक्षक स्वाभाविकपणे आवाज चढवितो. पण त्याने निनादही तेवढाच चढतो. श्रम घशाला होतात, स्पष्टता वाढत नाही.

येथे आपल्या हवामानाचा एक पेच लक्षात घ्यावा लागतो. खिडक्या उघड्या ठेवल्या तर सॅबिन यांच्याच एककाने त्या उत्तम शोषक ठरतात. सहा चौरस मीटर उघडी खिडकी पंधरा विद्यार्थ्यांइतके शोषण देते. परंतु त्याच वाटेने रस्ता आत येतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शांतता क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५० डेसिबल ठेवली आहे. रस्त्यालगतच्या महाविद्यालयात ती प्रत्यक्षात किती पाळली जाते, हे वाचक जाणतातच. खिडक्या लावाव्यात तर गोंगाट कमी होऊन निनाद वाढतो, उघडाव्यात तर उलट.

आता मागील भिंत चुणीदार जाड पडद्याने झाकू. साडेचोवीस चौरस मीटर गुणिले ०.५५ म्हणजे साडेतेरा चौरस मीटर शोषण वाढले. वीस विद्यार्थ्यांच्या वर्गाचा निनादकाल २ सेकंदांवरून १.१५ सेकंदांवर येईल. ही सुधारणा कानाला तत्काळ जाणवते. मात्र खोलीतील एकूण गोंगाटाची पातळी अडीच डेसिबलनेच उतरते. म्हणजे पडद्याने वर्ग शांत होत नाही, तो स्पष्ट होतो. छताखाली ५ सेंटिमीटर जाडीच्या फेल्टच्या चौकटी ३० चौरस मीटर क्षेत्रावर टांगल्या आणि त्यांचा शोषणांक ०.७ धरला, तर निनादकाल ०.७ सेकंदाखाली जातो. सूत्राची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ध्वनी खोलीत सर्वत्र समान पसरला आहे असे सॅबिन यांचे सूत्र गृहीत धरते. सर्व कापड एकाच भिंतीवर लावले आणि समोरासमोरच्या दोन भिंती उघड्या ठेवल्या, तर त्या दोहोंत ध्वनी टोलवला जातो व प्रत्यक्ष लाभ हिशेबापेक्षा कमी मिळतो. म्हणून कापड थोडे थोडे, पण सर्व दिशांना वाटलेले असावे.

मागांच्या शेडमध्ये

ध्वनी शोषणारे हे वस्त्र स्वतः मात्र प्रचंड गोंगाटात जन्माला येते. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर येथील शटलच्या यंत्रमागांजवळ क्षणभर उभे राहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. धोट्याला दर खेपेस बसणारा आघात हे या आवाजाचे मुख्य कारण असून शेडमधील पातळी बहुधा ९० डेसिबलच्या वर असते. गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अधिसूचित व्याधींत केला होता, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळावे.

तेथे विणलेले कापड तेथेच टांगून हा आवाज कमी करता येईल काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. उत्तर दुर्दैवाने नकारार्थी आहे. शोषक केवळ परावर्तित ध्वनी कमी करतो. विणकर मागापासून हातभर अंतरावर उभा असतो. त्याच्या कानी येणारा बहुतांश ध्वनी थेट असतो आणि त्यावर छतावरील कापडाचा परिणाम जवळजवळ शून्य. शेडच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या हिशेबनिसाला तीन-चार डेसिबलचा फरक जाणवेल, एवढेच. शिवाय शेडमध्ये उडणारा कापसाचा तंतू अशा कापडात अडकून आगीचा धोका वाढतो. विणकरासाठी धोटाविरहित माग आणि कानातील बोळे हेच खरे उपाय होत. प्रदर्शनांतून ‘वस्त्राद्वारे यंत्रमागाचा गोंगाट निम्मा’ अशा आशयाचे प्रकल्प मांडले जातात, तेव्हा ऊर्जा निम्मी झाली म्हणजे केवळ ३ डेसिबल उतरले, हे परीक्षकांनी विचारले पाहिजे.

कोणते वस्त्र

साध्या विणीच्या कापडापेक्षा लवदार कापड, आणि त्याहूनही न विणता सुयांनी टोचून तंतू गुंतविलेले फेल्ट अधिक शोषण करते. याचे कारण जाडी. विणलेले कापड मिलिमीटरभर जाड असते. फेल्ट हव्या त्या जाडीचे करता येते आणि त्यातील तंतू सर्व दिशांना पसरलेले असतात. मोटारगाडीत पायाखाली व इंजिनाच्या झाकणाखाली जो राखी रंगाचा थर आढळतो तो बहुधा जुन्या चिंध्यांपासून पुन्हा तंतू काढून केलेले असे फेल्टच असते.

तंतू जितका बारीक तितके एकाच वजनात पृष्ठभाग अधिक, म्हणून घर्षण अधिक. या कसोटीवर सूक्ष्म पॉलिएस्टर तंतू सरस ठरतात आणि आपल्या दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर मागे पडते. तरीही मला या लोकरीचा पक्ष घ्यावासा वाटतो. घोंगडीची मागणी ओसरल्यापासून या लोकरीला नीट भाव मिळत नाही. तंतू जाड असल्याची भरपाई फेल्टची जाडी व घनता वाढवून करता येते, आणि लोकरीचा एक गुण असा की ती सहजी पेट घेत नाही. जळत राहण्यासाठी लोकरीला हवेत सुमारे २५ टक्के ऑक्सिजन लागतो, तर सुती कापडाला १८ टक्के पुरतो. हवेत तो २१ टक्के असतो. दोन-तीनशे माणसे बसणाऱ्या बंदिस्त सभागृहात हा फरक शोषणांकापेक्षा महत्त्वाचा आहे. सुती किंवा पॉलिएस्टर पडदे घेतल्यास अग्निरोधक प्रक्रियेची खातरजमा करावी, आणि ही प्रक्रिया अनेकदा धुण्याने कमी होते हेही विसरू नये. लोकरीला कसर लागते आणि कोकणातल्या पावसाळ्यात कोणत्याही कापडाला बुरशी धरते. म्हणून पडदे काढता-लावता येतील अशाच दांड्यांवर असावेत. त्यांच्यावर रंग मारण्याचा मोह मात्र टाळावा, कारण रंगाने छिद्रे बुजतात.

आमच्या सभागृहापुरते सांगायचे तर, चिकटविलेला गालिचा काढण्याची परवानगी मिळणे शक्य नव्हते. खिडक्यांवरील पडद्यांपैकी निम्मे उतरवून ते मागील भिंतीवर, भिंतीपासून वीस सेंटिमीटर अंतरावर बसविलेल्या दांडीला दुप्पट चुण्या पाडून लावले. खर्च दांडीचा आणि सुताराच्या दोन दिवसांच्या मजुरीचा. रिकाम्या सभागृहात टाळी वाजविल्यावर पूर्वी जी लांबलचक शेपटी ऐकू येई ती आता बरीच आखडली आहे, आणि मागील रांगेतील विद्यार्थी ‘सर, मोठ्याने’ असे पूर्वीइतक्या वेळा म्हणत नाहीत. रस्त्याकडील खिडक्यांचा प्रश्न कापडाने सुटणारा नाही. तेथे दुहेरी काच आणि चौकटीच्या फटी बुजविणे एवढाच मार्ग आहे. पण मग वायुवीजनाची वेगळी सोय करावी लागेल आणि तिचे अंदाजपत्रक अद्याप इमारत समितीपुढे आहे.